पिक्चरात नसलेला टेलर

“मास्तर, मशीन थांबवा. तीनच्या खेळाची तिकिटं काढलीत,” असं म्हणत तातोबा अंबी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. डोक्याला तेल, पायात नवी चप्पल, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. शर्ट मीच शिवलेला, चार वर्षांपूर्वी, त्याच्या थोरल्या लेकीच्या लग्नात. त्यानंतर तो त्याच्या अंगावर मी त्या दिवशीच पाहिला.

“कुणाचं लग्न आज?” मी विचारलं.

“लगीन न्हाई. पिक्चर. तुमी येनार हाय माज्यासंगट.”

“मला कसलं पिक्चर, तात्या? चौकीतल्या दोघा पोलिसांच्या पँटी संध्याकाळपर्यंत द्यायच्यात.”

“आक्काबी येनार हाय,” तो म्हणाला.

मी पायडलवरचा पाय काढला.

हौसाक्का म्हणजे तातोबाची थोरली बहीण. दोघांची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त पिठाची गिरणी. पण ती नऊ वर्षं भावाशी बोललेली नव्हती. भाऊबीजेला तो आंघोळ करून दारात बसायचा आणि ती समोरून पाण्याची घागर घेऊन निघून जायची, हे सगळ्या गल्लीनं पाहिलेलं होतं.

“ती कशी काय तयार झाली?” मी विचारलं.

“पोरीला धाडलं हुतं निरोप घिऊन. म्हनलं, येवडं एकदा बग. पिक्चरमदी खरं दावलंय. ते बगून बी तुला म्या चोर वाटलो, तर हयातभर बोलू नगंस.” त्यानं खिशातून गुलाबी तिकिटं काढली आणि नीट घडी करून परत ठेवली. “तवाच्या पंचनाम्याला तुमी पंच हुता, मास्तर. तुमी संगं असला म्हंजी बरं.”

नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मी दुकानाची फळी लावली.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. आमचं ऐनवडे नदीकाठी आहे. त्याच्याही आधी नऊ वर्षं महापूर आला होता, तेव्हा अर्धं गाव पाण्यात गेलं. सरकारी बोटी तिसऱ्या दिवशी आल्या. तोवर तातोबानं गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई, पाण्यात लोटली आणि एक वेळू घेऊन माणसं काढली. काहिलीला ना पुढा ना पाठ, जरा चुकलं की गरगर फिरते. अंबी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणारा माणूस, तोच ते करू जाणे. त्यानं सत्तेचाळीस जिवंत माणसं काढली आणि सहा मेलेली. त्या सहांत एक त्याची भाची होती, हौसाक्काची मालन. बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मागच्या भिंतीखाली सापडली.

मालनच्या गळ्यात बोरमाळ होती. सोन्याचे बोराएवढे मणी, तीन पिढ्यांची. तातोबाच्या आईची ती माळ हौसाक्काकडे आली, हौसाक्कानं लेकीच्या गळ्यात घातली. हायस्कूलच्या व्हरांड्यात पोलिसांनी प्रेतं ताब्यात घेतली, पंचनामे केले. मालनच्या पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘मयताचे अंगावर कोणताही दागिना मिळून आला नाही.’ झालं. पोलिसांच्या हाती येताना माळ नव्हती, मग गेली कुठं? काहिलीत तातोबा एकटाच होता. आईची माळ बहिणीला गेल्याचा राग त्याच्या मनात असणारच, असंही कुणीतरी बोललं. एकदा बोलल्यावर ते गावभर झालं. सत्तेचाळीस माणसं कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत. माळ मात्र राहिली.

आणि आता त्या पुरावर पिक्चर निघालं होतं. ‘खाकी महापूर’. आदल्या वर्षी त्याचा लेखक गावात येऊन चार दिवस राहिला होता. गळ्यात मफलर, खिशात वही. तातोबाकडे तो दोन तास बसला, दोनदा चहा प्याला आणि सगळं लिहून घेतलं. माझ्याकडेही आला होता. मी म्हटलं, मी टेलर माणूस, मला कपड्यातलं विचारा. त्यानं खरंच एक झब्बा शिवून घेतला.

टॉकीजच्या दारात मोठं पोस्टर होतं. काळा चष्मा लावलेला फौजदार, मागे पाणी, वर लिहिलेलं, ‘वर्दीनंच लुटलं बुडालेलं गाव’. तातोबा त्याच्यासमोर उभा राहिला. त्याला अक्षरं जुळवून जुळवून वाचता येत होती.

“वर्दीनंच लुटलं,” त्यानं वाचलं. “बगा. म्हंजी म्या न्हवं.”

“बघू या आधी,” मी म्हणालो.

“तुमी लई भित्रं, मास्तर. पर येक हाय. सगळ्या गावानं मला नावं ठेवली, तुमी कवा ठेवली न्हाईत. आईशप्पत सांगतो, त्येच्यावरच म्या ह्या गावात टिकलो.”

मी चप्पल झटकण्याच्या निमित्तानं खाली वाकलो.

हौसाक्का बायकांच्या बाजूला आधीच येऊन बसली होती, कडेच्या खुर्चीवर. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. ती आमच्या रांगेत नव्हती, पण तातोबा असा बसला की पडदाही दिसावा आणि आक्काही. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ टेकत नव्हता.

पिक्चर सुरू झालं आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की हे काही खरं नाही. मी आयुष्यभर पोलिसांचे गणवेश शिवले. माझं दुकान चौकीच्या समोर, चौकीच्याच जागेत, त्यामुळे निम्मे कपडे खाकी आणि उरलेली बायकांची झंपरं. पडद्यावरचा फौजदार गळ्याएवढ्या पाण्यातून चालत आला, बाहेर पडला, आणि त्याच्या बाहीची घडी जशीच्या तशी. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यावर टोपी शिपायाची. पँट तर अशी तंग, की ह्या माणसानं खाली वाकून एक पंचनामा करून दाखवावा, मी शिलाई सोडली असती. पूर म्हणजे नळीनं उडवलेलं पाणी. मागे डोंगर. आमच्याकडे दहा कोसांवर डोंगर नाही.

गोष्ट अशी की फौजदाराला पुरात बँकेची तिजोरी फोडायची असते. मग हेलिकॉप्टर, मग बंदुका, मग टीव्हीवरच्या बातम्या देणारी एक मुलगी, तिचे केस पावसातही सुटेच. लोक आधी शिट्ट्या मारत होते, नंतर तेही कंटाळले. माझ्या मागचा एक जण घोरायला लागला.

मी मात्र निवांत झालो होतो. खरं सांगायचं तर मला यायचंच नव्हतं. पण ह्या पिक्चरात ना हायस्कूलचा व्हरांडा होता, ना पंचनामा, ना पंच. टेलर तर औषधालाही नव्हता. चला, सुटलो, असं मी मनात म्हटलं. ते वाक्य मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

एवढ्यात तातोबानं माझा दंड धरला. “काहील. मास्तर, काहील बगा.”

पडद्यावर खरंच काहील होती. पाण्यावर डुलत येत होती. तिच्यात एक दाढीवाला माणूस, डोळे तांबडे, कमरेला बाटली. तातोबाच्या तोंडावर हसू आलं. “ही म्या सांगितली हुती त्येला,” तो म्हणाला.

काहिलीत एका बाईचं प्रेत होतं. दाढीवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग वाकला, बाईच्या गळ्यातला हार ओढून काढला, दातानं चावून पाहिला आणि बंडीत टाकला. वर हसला. पुढच्या प्रसंगात तो फौजदाराला म्हणत होता, “साहेब, निम्मा तुमचा, निम्मा माझा.”

कुणीतरी पुढून ओरडलं, “तात्या, तुजंच काम दावलंय की रं.” आणि दहा-पंधरा माणसं हसली.

हौसाक्का उठली. तिनं पदर नीट केला आणि मधल्या वाटेनं, कुणाच्या पायाला पाय न लावता, बाहेर गेली. घाई केली नाही.

तातोबाचा हात माझ्या दंडावरच होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडेच बघत होता.

“फुडं असंल,” तो म्हणाला. “ह्ये आदी चुकीचं दावलं असंल, आनि मग फुडं खरं दावत्याल. पिक्चरमदी तसंच असतंय.”

“तात्या, चल घरी.”

“थांबा की. आजून लई हाय.”

पाठ न टेकता तो तसाच बसून राहिला. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. मी पाचेक मिनिटं बसलो असेन. पडद्यावर कोण कुणाच्या मागे पळत होतं देव जाणे. मग मी त्याचा हात दंडावरून काढून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि बाहेर आलो.

बाहेर चार-साडेचारचं ऊन होतं. हौसाक्का रिक्षाथांब्याजवळच्या नळावर तोंड धूत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

“आक्का.”

“मास्तर, तुमीबी आला हुता व्हय ह्येच्यासंगट?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “काय दावायचं हुतं त्येला? आपलीच लाज?”

“आक्का, माळ मालनच्या गळ्यात होती.”

तिनं हातातला पदर सोडला.

“तातोबानं काहील हायस्कूलच्या पायऱ्यांना लावली तेव्हा मी व्हरांड्यात होतो. त्यानं पोरीला दोन्ही हातांवर उचलून पोलिसांच्या हातात दिलं. तेव्हा माळ गळ्यात होती. मी पाहिली.”

“पायली?”

“तिचं मोरपंखी झंपर मी शिवलं होतं. शेतात भांगलताना माळ पुढं लोंबते, एखाद्या दिवशी हरवेल, असं ती म्हणाली होती. म्हणून मी मानेमागं कापडाचं बारीक लूप शिवलं, माळ त्यातनं ओवून घालायची. तातोबाच्या हातावर तिची मान मागं कलली होती, तरी माळ घसरली नव्हती. लुपानं धरली होती. मला वाटलं, माझं काम चांगलं झालंय. अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही, आक्का. मला तेच आलं.”

नळ चालूच होता. तिनं तो बंद केला.

“आनि कागदात?”

इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्याकडे एक पद्धत होती. चौकीला पंच लागला की शेजारचा माणूस बोलवायचा, आणि शेजारी म्हणजे मी. दारूच्या हातभट्टीपासून विहिरीतल्या मढ्यापर्यंत, बारा वर्षांत शे-दीडशे पंचनाम्यांवर माझी सही असेल. सुरुवातीला मी वाचायचो. नंतर फौजदार म्हणायचे, ‘मास्तर, खाली सही करून ठेवा, वर मजकूर आम्ही भरतो.’ मी करायचो. ते शिलाई वेळेवर द्यायचे, जागा खाली करायला सांगत नव्हते. पुराच्या त्या सकाळी माझ्या दोन मशिनी पाण्यात चालल्या होत्या आणि फौजदारांनी दोन शिपाई दिले त्या उचलायला. मग कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे केला. मी सगळ्यांवर सह्या केल्या. मालनला नंतर आणलं, दुपारी. त्या फौजदारांचं नाव मी घेत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांची मुलं चांगली निघाली.

“सही आधी केली होती,” मी म्हणालो. “कोऱ्या कागदावर. वर काय लिहिलं ते मी नंतर ऐकलं.”

“म्या तुमच्या दुकानात आले हुते,” हौसाक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “दिस घातल्यावर. तुमाला इचारलं, मास्तर, तुमी पंच हुता, द्येवाशप्पत सांगा, माळ हुती का. तवा काय म्हनला?”

“कागदात आहे ते खरं, असं म्हणालो.”

“का?”

“भ्यालो. नंतर प्रांतसाहेबांसमोरही तेच म्हणालो. एकदा म्हटल्यावर मग रोज तेच.”

“फौजदार मरून दोन वर्सं झाली की. मग कुनाला भेत हुतास?”

तुमीचं तू कधी झालं ते मला कळलंही नाही. बरोबरच होतं. फौजदार गेल्यावर भीती उरली होती ती एवढीच, की लोक म्हणतील, हा इतकी वर्षं कुठं होता. त्या भीतीपायी मी शेजारच्या गल्लीतल्या एका माणसाला दर भाऊबीजेला दारात बसू दिलं होतं. त्याचे शर्ट शिवत होतो, त्याचा चहा पीत होतो. आणि तो मला चांगला म्हणत होता.

“कुणालाच नाही, आक्का. मी नुसता भित्रा आहे,” मी म्हणालो.

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळलो. तातोबा उभा होता. किती वेळ, कोण जाणे. पिक्चर पुढं खरं दाखवणार नाही हे त्याला शेवटी कळलं असावं. हातात त्यानं अर्धी फाटलेली तिकिटं धरली होती.

रिक्षावाले आमच्याकडे बघायला लागले. हौसाक्का त्याच्याजवळ गेली, पण हात लावला नाही. त्याच्या शर्टाकडे बघत म्हणाली, “म्या नऊ वर्सं तुला ववाळलं न्हाई.”

“असू दे.”

“असू दे न्हवं. सकाळपास्नं खाल्लंयस का काय?”

“न्हाई.”

“मग चल घरला. भाकरी हाय.”

ती पुढं निघाली. तातोबा दोन पावलं तिच्यामागं गेला, मग थांबून माझ्याकडे वळला. मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“तुमी पायलं हुतं,” तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. “म्या समजत हुतो, तुमाला ठावं न्हाई, तरीबी तुमी मला चोर म्हनत न्हाई.” आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौसाक्काच्या घरी जाऊन तिचा नवरा, दोन मुलगे आणि गल्लीतली चार माणसं यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. मग तहसील कचेरीत जाऊन लिहून दिलं. कारकुनानं जबाब पुढं सरकवला, म्हणाला, “खाली सही करा.” मी म्हटलं, आधी वाचतो. दोन पानं होती, मी तीनदा वाचली. पुढं त्या कागदाचं काही झालं नाही. माळ सापडली नाही. लोक म्हणाले, मेलेल्या माणसावर बोट ठेवायला सोपं. ते काही खोटं नव्हतं. महिन्याभरात चौकीनं जागा रिकामी करायला सांगितलं आणि मी मशीन घेऊन मारुतीच्या बोळात आलो. खाकी कपडे आता येत नाहीत, झंपरं येतात. गळ्यामागं लूप हवंय का, असं मी कुणालाही विचारत नाही.

पिक्चर आमच्याकडे चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी उतरवलं.

त्या दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी मी दुकान उघडून बसलो होतो. कारण कुणालाही सांगितलं नसतं, पण त्या दोघांच्या गल्लीतून देवळाला जायचा रस्ता माझ्या बोळावरून जातो. दहाच्या सुमारास दोघं आली. हौसाक्काच्या हातात नारळ होता. तातोबाच्या कपाळाला कुंकू, त्यावर दोन अक्षता चिकटलेल्या, आणि अंगात नवा शर्ट. निळ्या रेघांचा. बहिणीनं घेतला असणार. कापड चांगलं होतं. शिवलेला मात्र एसटी स्टँडवरच्या त्या पोराकडे, शिलाई बघूनच कळत होतं.

डाव्या बाजूला कॉलर उचलली होती. आतलं कापड ताणून बसवलं की तसं होतं. एक टाका उसवून पुन्हा घालायचा, पाच मिनिटांचं काम. मी सुई ओवून हातात घेतली होती. तो दुकानावरून जाताना एकदा माझ्याकडे बघून गेला, आणि पाय काही थांबले नाहीत.

हाक मारावीशी फार वाटली. पण मागं एकदा डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला मी नऊ वर्षं लावली होती. कॉलरचं मी कुठल्या तोंडानं सांगणार?